फाइल कोणी धरून ठेवली आहे? लॉक कसं पाहायचं आणि कसं वाचायचं

मार्केट यार्डातली आडत असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की नवी पेठेतलं दुकान, सोलापुरातल्या लहान ऑफिसची मांडणी बहुतेक सारखीच. चार-पाच कॉम्प्युटर, त्यातलाच एक ‘मेन’, त्याच्यावर शेअर केलेलं एक फोल्डर आणि त्या फोल्डरात ज्यांच्यावर सगळा धंदा चालतो अशा मोजक्या फाइली. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढली, पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) करायला तीन माणसं एकदम बसली, की नेमकं तेव्हाच पडद्यावर येतं: फाइल दुसऱ्या कोणीतरी वापरत आहे. यावर ऑफिसात ठरलेला उपाय म्हणजे मेन मशीन बंद करून चालू करणं. लॉक, म्हणजे फाइलवरची ती पकड, सुटतं, पण शेजारच्या टेबलावर अर्ध्यावर असलेली पट्टीही जाते. ती गेल्याचं संध्याकाळी हमाली-तोलाई जुळेना तेव्हा कळतं.

खरं तर लॉक कोणाचं आहे, कुठल्या मशीनवरून आहे, पूर्ण फाइल धरली आहे की एखादीच नोंद, हे सगळं विंडोजमध्ये बाहेरचं काहीही न टाकता दिसतं. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

आधी संदेश पूर्ण वाचा

‘ओके’ दाबून टाकायची घाई सगळ्यांनाच असते, पण अर्धं उत्तर त्या चौकटीतच लिहिलेलं असतं. विंडोजच्या एररमध्ये दोन आकडे लक्षात ठेवा. ३२ म्हणजे शेअरिंग व्हायोलेशन: दुसऱ्या प्रोग्रॅमने फाइल उघडतानाच ‘मी आहे तोवर दुसऱ्याने यात लिहायचं नाही’ किंवा ‘वाचायचंही नाही’ असं सांगून ठेवलं आहे. ३३ म्हणजे लॉक व्हायोलेशन: फाइल उघडायला कोणाची हरकत नाही, पण तिचा एक तुकडा कोणीतरी धरला आहे आणि तुम्हाला नेमका तोच हवा आहे.

फाइल लॉक आणि रेकॉर्ड लॉक यांतला फरक हाच. कॉम्प्युटरला ‘नोंद’ वगैरे काही कळत नाही. अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचा भाग धरला, एवढंच त्याला कळतं. त्या भागात एक नोंद बसते की वीस, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. धरण्याचेही दोन प्रकार. वाचण्यापुरतं धरलं तर ते सामायिक लॉक, ते एकाच वेळी कितीही जणांना मिळतं. लिहिण्यासाठी धरलं तर ते एकट्याचं. दिवाणजींच्या खांद्यावरून चार जण खतावणी वाचू शकतात, लेखणी मात्र एकाच हातात असते, तसं.

एक्सेलचा संदेश जास्त बोलका असतो. तो ‘लॉक्ड फॉर एडिटिंग बाय’ म्हणून पुढे नाव देतो आणि ‘रीड ओन्ली’, ‘नोटिफाय’, ‘कॅन्सल’ असे पर्याय ठेवतो. यातला ‘नोटिफाय’ कोणी वापरत नाही, आणि कामाचा तोच आहे: फाइल मोकळी झाली की एक्सेल स्वतः कळवतं. ‘रीड ओन्ली’ने उघडून ‘स्टॉक नवीन’, ‘स्टॉक फायनल’, ‘स्टॉक फायनल दोन’ अशी पिलावळ वाढवणाऱ्या ऑफिसात वर्षअखेरीला सुताचा साठा कधीच जुळत नाही.

मग फाइल कुठे राहते ते बघा

लॉकची नोंद फाइल ज्या मशीनच्या डिस्कवर आहे तिथे असते. संदेश ज्या मशीनवर आला तिथे ती शोधून उपयोग नाही. काउंटरवरच्या मशीनवर ‘झेड ड्राइव्ह’ दिसतो, पण तो खरा कुठला हे माहीत नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ टाका. झेडसमोर मशीनचं आणि शेअरचं नाव येईल. ते मशीन म्हणजे तुमचं ‘मेन’. पुढचं काम तिथे, ॲडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने. फाइली नासच्या डब्यावर (नेटवर्कला जोडलेल्या स्वतंत्र डिस्कच्या पेटीवर) असतील, तर त्याच्या स्वतःच्या व्यवस्थापन पानावर कनेक्शनची यादी शोधा. खाली सांगितलेली विंडोजची खिडकी तिथे चालत नाही.

ओपन फाइल्सची खिडकी

विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकदम दाबा. चौकटीत एफ-एस-एम-जी-एम-टी, मग टिंब, मग एम-एस-सी असं सलग लिहून एंटर करा. ‘शेअर्ड फोल्डर्स’ उघडेल. डावीकडे तीन नावं दिसतात: शेअर्स, सेशन्स, ओपन फाइल्स. (‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘सिस्टिम टूल्स’खालीही हेच आहे.)

ओपन फाइल्सवर क्लिक केलं की नेटवर्कवरून उघडलेली प्रत्येक फाइल एका ओळीत येते. रकान्यांत फाइलचा मार्ग, ती कोणी उघडली, किती लॉक आहेत आणि कोणत्या पद्धतीने उघडली हे असतं. समजा एका आडतीत असं दिसलं: ‘पट्टी’च्या टेबलाच्या (सॉफ्टवेअर नोंदी ठेवतं त्या फाइलच्या) तीन ओळी, तिन्हींचा ओपन मोड ‘राइट प्लस रीड’, लॉकच्या रकान्यात दोघांपुढे शून्य आणि ‘काउंटर२’पुढे एक. याचा अर्थ असा की टेबल तिघांनी उघडलं आहे, त्यात काही वावगं नाही, आणि ‘काउंटर२’वाला या क्षणी एखादी नोंद धरून बसला आहे. तुमचं काम अडलं असेल तर विचारायचं त्याला. बाकी दोघांना उठवायचं कारण नाही.

इथे एक फसगत होते. लॉकच्या रकान्यात शून्य दिसलं म्हणजे फाइल मोकळी, असं धरून चालू नका. तो आकडा फक्त तुकड्यांवरच्या लॉकचा आहे. फाइल उघडताना दुसऱ्यांना घातलेली बंदी, म्हणजे वरचा ३२ नंबरचा प्रकार, त्यात मोजला जात नाही. म्हणून शून्य लॉकवाली एकच ओळ सगळ्या ऑफिसला अडवून ठेवू शकते.

‘ॲक्सेस्ड बाय’मध्ये मशीनचं नाव येत नाही, लॉगिनचं येतं. सगळे एकाच नावाने लॉगिन करत असतील तर पाचही ओळींत तेच नाव. अशा वेळी ‘सेशन्स’मध्ये जा. तिथे कॉम्प्युटर, किती फाइली उघड्या आणि किती वेळ हालचाल नाही, हे दिसतं. किंवा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल (विंडोजमधलीच कमांड द्यायची दुसरी खिडकी) उघडून ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ चालवा, त्यात फाइलसमोरच मशीनचं नाव किंवा आयपी पत्ता येतो. कायमचा उपाय मात्र प्रत्येक टेबलाला वेगळं लॉगिन देणं हाच, आणि तो अर्ध्या तासाचा आहे.

नाव कळलं की फोन उचला.

“काका, सुताच्या स्टॉकची फाइल तुमच्याकडं उघडी दिसतेय.”

“नाही ओ, मी जेवायला जायच्या आधीच बंद केली.”

“खाली पट्टीवर बघा की जरा, हिरवं चिन्ह आहे का?”

“…आहे की. मिनिमाइज झालीय.”

बहुतेक लॉक असेच सुटतात.

‘क्लोज ओपन फाइल’ कधी दाबायचं

ओळीवर उजवं क्लिक केलं की ‘क्लोज ओपन फाइल’ येतं. यात मेन मशीन त्या माणसाची फाइलवरची पकड काढून घेतं. त्याच्या पडद्यावर मात्र वर्कबुक (एक्सेलची फाइल) जशीच्या तशी दिसत राहते, तो टाइपही करत राहतो आणि सेव्ह करायला गेल्यावर गोंधळ होतो. म्हणून मी दोनच वेळा ते दाबू देतो: समोरचं मशीन बंद पडलं आहे किंवा नेटवर्कवरून तुटलं आहे याची डोळ्यांनी खात्री केली तर, किंवा ओपन मोड नुसता ‘रीड’ असेल तर. डेटाबेसच्या फाइलीपुढे लॉकचा आकडा एक किंवा जास्त असेल, तर हात लावायचाच नाही. नोंद टेबलात गेली आणि इंडेक्समध्ये (नोंदी शोधायच्या सूचीत) जायची राहिली, असं त्या क्षणी होऊ शकतं. मग शेतकऱ्याची पट्टी नावाने शोधल्यावर सापडत नाही, नंबराने शोधल्यावर सापडते.

माउसने नको असेल तर ‘नेट फाइल’ ही कमांड हीच यादी क्रमांकासह देते. तो क्रमांक आणि ‘/क्लोज’ जोडलं की तीच फाइल बंद होते.

एक्सेलची लपलेली फाइल

एक्सेल शेअरवरची वर्कबुक उघडतं तेव्हा त्याच फोल्डरात ‘~$’ने सुरू होणारी एक बारकी फाइल बनवतं. पुढचं नाव मूळ वर्कबुकचंच. तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं, आणि संदेशात दिसणारं नाव तिथूनच येतं. फाइल लपवलेली असते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू केल्यावर दिसते.

आता हे नाव विंडोजच्या लॉगिनचं नसतं, ऑफिसच्या सेटिंगमधलं असतं. एकाच माणसाने पाचही मशीनवर ऑफिस टाकलं असेल तर पाचही ठिकाणी ‘यूजर’ किंवा ‘ॲडमिन’, आणि मग संदेश येतो की फाइल ‘यूजर’ने धरली आहे. प्रत्येक मशीनवर एक्सेलमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’मध्ये जाऊन ‘यूजर नेम’मध्ये ‘डिस्पॅच’, ‘काउंटर’, ‘गोडाऊन’ असं टेबलाचं नाव घाला. माणसाचं नको. माणसं बदलतात, टेबल तिथेच राहतं.

वर्कबुक नीट बंद झाली की ही फाइल आपोआप पुसली जाते. लाइट गेली आणि मशीन धाडकन बंद झालं, तर ती मागे राहू शकते आणि फाइल कोणीच उघडलेली नसताना ‘लॉक्ड’ दिसते. अशा वेळी क्रम असा: ओपन फाइल्समध्ये मूळ वर्कबुकची ओळ आहे का बघा, ‘~$’वाल्या फाइलची आहे का बघा. दोन्ही नसतील तरच ती ‘~$’वाली फाइल डिलीट करा. विंडोज ‘वापरात आहे’ म्हणून डिलीट करू देत नसेल, तर ती शिळी नाही, कोणाकडे तरी वर्कबुक खरोखर उघडी आहे.

दोघांनी एकाच वर्कबुकमध्ये एकदम लिहायचं असेल तर ती वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर न्यावी लागते. साध्या शेअर फोल्डरात ते जमत नाही.

फाइल त्याच मशीनवर अडकली असेल तर

ओपन फाइल्समध्ये फक्त नेटवर्कवरून आलेले दिसतात. मेन मशीनवरच बसलेल्याने उघडलेली फाइल तिथे येत नाही. त्यासाठी ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा, ‘सीपीयू’ टॅबवर जा, ‘असोसिएटेड हँडल्स’ची पट्टी खोला आणि शोधाच्या चौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. कोणत्या प्रोग्रॅमने धरली ते नाव येतं. विंडोज १० किंवा ११वर मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवरटॉइज’ टाकलं असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून ‘फाइल लॉकस्मिथ’ चालवा, तेच काम सोपं होतं.

बऱ्याचदा गुन्हेगार माणूस नसतोच. क्लाउडवर फाइली चढवणारा प्रोग्रॅम, अँटिव्हायरस, रात्रीऐवजी भर दुपारी लावलेला बॅकअप, हे नेहमीचे. यादीत नुसतं ‘एक्सप्लोरर’ आलं तर एक्सप्लोररच्या उजवीकडचं प्रिव्ह्यू पेन उघडं आहे का बघा. ‘ऑल्ट’ आणि ‘पी’ दाबून ते बंद करा.

जुनं सॉफ्टवेअर आणि नोंदींचं लॉक

फॉक्सप्रोत (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये) बनवलेली बिलिंग आणि पट्टीची सॉफ्टवेअर अजून निष्ठेने चालवली जातात. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार जानेवारी २०१५मध्येच थांबवला, पण चालतंय तोवर कोण बदलणार! यात ‘रेकॉर्ड इज इन यूज बाय अनदर यूजर’ आलं तर घाबरायचं काही नाही. दुसऱ्याने तीच नोंद उघडून ठेवली आहे, त्याने सेव्ह किंवा रद्द केलं की सुटेल. ‘फाइल’ इन यूज आलं तर कोणीतरी सगळं टेबल धरलं आहे, बहुधा एखाद्या मोठ्या रिपोर्टसाठी.

‘रीइंडेक्स’ (इंडेक्स नव्याने बनवणं) किंवा ‘पॅक’ (डिलीट केलेल्या नोंदी कायमच्या काढणं) करताना मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यांना टेबल एकट्यासाठी हवं असतं. दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर नुसतं उघडं असलं, कोणी काही लिहीत नसलं, तरी ‘फाइल ॲक्सेस इज डिनाइड’ येतं. ओपन फाइल्समध्ये त्या टेबलाची एकही ओळ उरली नाही हे बघून मगच मेनवर रीइंडेक्स सुरू करा.

ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये डेटाबेस उघडला की त्याच्या शेजारी त्याच नावाची ‘एलएसीसीडीबी’ फाइल तयार होते (जुन्या ‘एमडीबी’साठी ‘एलडीबी’). ती नोटपॅडमध्ये उघडली तर मशीनची नावं वाचता येतात. प्रत्येकासाठी ६४ बाइट: ३२मध्ये मशीनचं नाव, ३२मध्ये वापरकर्त्याचं, जे बहुधा ‘ॲडमिन’च असतं. पण बाहेर पडलेल्याचं नाव त्यातून लगेच पुसलं जात नाही, म्हणून ही यादी ‘कोण आलं होतं’ एवढंच सांगते. आत्ता कोण आहे ते ओपन फाइल्सशी ताडून बघा. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर ती फाइल गेली पाहिजे. जात नसेल तर वापरणाऱ्यांना त्या फोल्डरात डिलीट करायचा हक्क दिलेला नाही, तो द्या.

‘मी पट्टी ५१२वर आहे, तो ५१८वर, मग लॉक कसं?’ ही तक्रार मी यार्डात वारंवार ऐकतो, आणि ती रास्त आहे. ॲक्सेस ४०९६ बाइटच्या पानांत डेटा ठेवतं. लॉक पानाचं असेल आणि एक नोंद २०० बाइटची धरली, तर शेजारच्या वीसेक नोंदी सोबत अडकतात. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘क्लायंट सेटिंग्ज’मध्ये खाली ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘ओपन डेटाबेसेस बाय यूजिंग रेकॉर्ड-लेव्हल लॉकिंग’ची खूण आहे का बघा. सगळ्या मशीनवर बघा: सगळ्यात आधी डेटाबेस उघडणाऱ्याचीच पद्धत पुढच्यांना लागू होते.

मेन मशीन लिनक्सवर असेल तर

काही कारखान्यांत फाइलींसाठी लिनक्सवर सांबा (विंडोजच्या मशीनना फाइली शेअर करून देणारा प्रोग्रॅम) बसवलेलं असतं. तिथे रूट (लिनक्सचा ॲडमिनिस्ट्रेटर) होऊन ‘एसएमबीस्टेटस’ला डॅश आणि मोठा एल जोडा, उघड्या फाइली आणि ‘डिनाय’चा रकाना येईल. ‘डिनाय नन’ म्हणजे कोणाला बंदी नाही, ‘डिनाय राइट’ म्हणजे दुसऱ्यांनी लिहायचं नाही. डॅश आणि मोठा बी जोडला की बाइटच्या तुकड्यांवरची लॉक दिसतात.

लिनक्सची स्वतःची लॉक ‘एलएसलॉक्स’ने दिसतात. त्यात प्रोग्रॅम, लॉकचा प्रकार, रीड की राइट, आणि सुरुवातीचा-शेवटचा बाइट येतो. मोडपुढे तारा असेल तर तो प्रोग्रॅम लॉक धरून नाही, लॉकची वाट बघत उभा आहे. कधी फाइल दोन-चार एमबीची आणि लॉक १०७३७४१८२६पासून १०७३७४२३३५पर्यंत, असं विचित्र दृश्य दिसतं. ही एसक्यूलाइटची (एकाच फाइलीत मावणाऱ्या छोट्या डेटाबेसची) फाइल असते. १ जीबीच्या खुणेपुढचे हे ५१० बाइट त्याने वाचकांच्या लॉकसाठी राखून ठेवले आहेत. तिथे डेटा असायची गरजच नाही.

विंडोजचा माणूस लिनक्सवर आला की एका गोष्टीने चकतो. विंडोजमधलं लॉक सक्तीचं आहे, लिनक्समधलं समजुतीचं. प्रोग्रॅमने लॉक विचारलंच नाही आणि सरळ लिहिलं तर लिनक्स अडवत नाही. सक्तीच्या लॉकची जी थोडी सोय होती तीही कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५मध्ये काढून टाकली. त्यामुळे लॉक दिसतंय म्हणजे फाइल सुरक्षित, असं तिथे म्हणता येत नाही.

डेटाबेस सर्व्हर

मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओपन फाइल्सचा उपयोग नाही, लॉक सर्व्हरच्या आत असतात. मायएसक्यूएलमध्ये ‘सिस’ स्कीमामधला ‘इनोडीबी लॉक वेट्स’ हा व्ह्यू (तयार यादी) बघा. कोण थांबलंय आणि कोणामुळे, हे एका ओळीत येतं. अडवणाऱ्याची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) रिकामी दिसली तर गोंधळू नका. कोणीतरी व्यवहार (डेटाबेसमधल्या बदलांचा एक गट) सुरू करून कमिट, म्हणजे पक्का, न करता सोडला आहे, आणि तोच नेहमीचा दोषी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी_हू२’ चालवा आणि ‘बीएलकेबाय’च्या रकान्यातल्या आकड्यांचा माग काढत जो स्वतः कोणामुळेच अडलेला नाही त्याच्यापर्यंत जा.

आणि १२०५ हा आकडा दिसला तर आधी सर्व्हर कुठला ते विचारा. मायएसक्यूएलमध्ये त्याचा अर्थ ‘वाट बघून कंटाळलो’ असा आहे, मूळ मर्यादा ५० सेकंद. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याचा अर्थ डेडलॉक: दोन व्यवहार एकमेकांसाठी अडले आणि तुमचा बळी दिला गेला. पहिल्यात लॉक धरणाऱ्याला शोधायचं, दुसऱ्यात तोच व्यवहार पुन्हा चालवायचा.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन करायची वेळ आलीच तर त्याला ‘लॉक होतंय’ एवढंच सांगू नका. एररचा आकडा, कोणती फाइल किंवा टेबल, ओपन फाइल्समधलं नाव, लॉकचा आकडा, ओपन मोड आणि घड्याळातली वेळ एवढं कागदावर उतरवा, जमलं तर पडद्याचा फोटो पाठवा. तेवढ्यावर तो पुण्यात बसूनही नेमका कोणता फॉर्म लॉक सोडत नाही ते शोधू शकतो.